कासेल की कोलोन

बसमध्ये गाण्याच्या भेंड्या रंगात आल्या होत्या. पुढच्या बाकांवर पुण्याची मंडळी, मागे लातूर-सोलापूरकडची, आणि ‘म’ अक्षरावरून दोन्ही बाजूंत चांगलीच जुंपली होती. चिवड्याचा डबा हातोहात फिरत इंदूबाई देगलूरकरांपर्यंत आला. त्यांनी चिमूटभर घेतला, डबा शेजारी सरकवला आणि मूठ तशीच मिटून खिडकीबाहेर बघत बसल्या. सकाळीच बस जर्मनीत शिरली होती. टूर मॅनेजर तनुजानं माइकवरून तसं सांगितलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि इंदूबाईंनी तेव्हापासून दुपार झाली तरी खिडकीवरची नजर काढली नव्हती.

या देशात कुठंतरी त्यांचा मुलगा होता. कुठं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. आहे की नाही, हेसुद्धा कुणी छातीवर हात ठेवून सांगितलं नसतं. तो विचार डोकं वर काढू लागला की त्या खिडकीच्या काचेला कपाळ टेकवायच्या. गार काच लागली की क्षणभर बरं वाटायचं.

इंदूबाई नांदेडच्या. नोकरीची सुरुवातीची वर्षं त्यांनी मुखेडला काढली, एसटीच्या धक्क्यांत वह्या तपासत. पुढं नांदेडच्या मुलींच्या शाळेत बदली झाली ती निवृत्तीपर्यंत. शहरातल्या निम्म्या बायका त्यांना रस्त्यात थांबवून ‘देगलूरकर बाई, ओळखलं का?’ म्हणायच्या. यजमान रेणुकादास जिल्हा परिषदेत होते. इंग्रजी मसुदा करावा तो देगलूरकरांनीच, अशी त्यांची ख्याती. मिहिर लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी झाला, आणि तो एकच. दहावीनंतर दोन वर्षं त्याला लातूरला क्लासेसना ठेवलं, मग इंजिनिअरिंग झालं, मग पुढच्या शिक्षणाला तो जर्मनीत कासेल नावाच्या गावी गेला. तो निघाला तेव्हा गल्लीतल्या पोरांनी तरोडा नाक्यावर फ्लेक्स लावला होता. कोट घातलेला मिहिर, त्याच्यामागं विमान, खाली शुभेच्छुकांची ओळ. रेणुकादास रोज फिरायला जाताना मुद्दाम त्या बाजूनं जायचे. पावसानं फ्लेक्सचा रंग उडाला, विमानाचा एक पंख फाटून लोंबायला लागला, तरी जायचे.

पहिलं वर्षभर मिहिरचा फोन रोज येई. मग दोन-तीन दिवसांनी येऊ लागला. मग रविवारी. अभ्यास खूप आहे, आई. परीक्षा आहे, आई. दिवाळीत तो व्हिडिओवर दिसला तेव्हा इंदूबाईंनी विचारलं, "वाळलास का रे?" त्यावर तो हसला आणि म्हणाला, कॅमेरा तसा आहे. संक्रांतीच्या दिवशी एक मेसेज आला. ‘मी ठीक आहे. फोन करू नका, मीच करीन.’ त्यानंतर नंबर बंद पडला तो पडलाच.

फेब्रुवारीत रेणुकादासांना हृदयविकाराचा झटका आला. वाचले, पण डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ मनाई केली. पलंगावर पडल्या पडल्या त्यांनी जर्मनीत दिसेल त्या पत्त्यावर इंग्रजीत पत्रं धाडली. सगळीकडून सभ्य उत्तरं आली. मुलगा सज्ञान आहे, त्याच्या परवानगीवाचून आम्हांला काही सांगता येत नाही. इंदूबाईंनी एकटीनं जायचं ठरवलं तर त्यांचा व्हिसा नाकारला गेला. शेवटी नांदेडच्याच एका एजंटानं सुचवलं, "बाई, सहलीत जा. ग्रुपचा व्हिसा होऊन जातो." असा हा युरोप दौरा इंदूबाईंच्या पदरी पडला. ज्या बाईनं आयुष्यात तिरुपती आणि काशी सोडून काही पाहिलं नव्हतं, ती बर्फाच्या डोंगरावर जाऊन आली, आणि तिथं लोक एकमेकांवर बर्फ फेकत असताना ही एका खांबाला धरून मनातल्या मनात दिवस मोजत होती.

कारण सहलीच्या कार्यक्रमात जर्मनीच्या वाट्याला फारच थोडं आलं होतं. फ्रँकफर्टला मुक्काम, दुसऱ्या दिवशी नदीतली बोटीची सैर. ती ज्याला नको असेल त्याला दिवसभर मोकळीक. तिसऱ्या दिवशी सकाळी बस हॉलंडकडे निघणार आणि वाटेत कोलोन शहरातल्या मोठ्या चर्चपाशी फोटोपुरती पाऊण तास थांबणार. संपलं. हातात जो काही होता तो मधला एक दिवस.

आणि गावं दोन होती.

एक कासेल. तिथं मिहिरचं कॉलेज होतं, त्याची शेवटची खोली होती. दुसरं कोलोन. तिथं तो असल्याचा पुरावा काहीच नव्हता. नांदेडच्या इतवाऱ्यातले नासिरभाई टेलर, ज्यांच्याकडं देगलूरकरांचे कपडे पूर्वीपासून शिवायला जायचे, ते एप्रिलच्या उन्हात टोपी हातात घेऊन घरी आले होते. त्यांचा थोरला शारिक कोलोनला एका गोदामात नोकरीला होता.

"भाबी, कसं सांगू समजंना," ते म्हणाले होते. "शारिक बोलला, तिथल्या गुरुद्वाऱ्यात लंगरला एक पोरगं दिसलं. आपल्या मिहिरसारखं. ह्यानं आवाज दिला, तर ते गर्दीत निघून गेलं. आता तोच होता का दुसरा कुणी, अल्ला जाने. पण शारिक उगाच काही बोलणारा नाही."

बस, एवढंच. एक ओझरतं दर्शन, तेही दोन महिन्यांपूर्वीचं.

फ्रँकफर्टच्या हॉटेलात सामान टाकल्याबरोबर इंदूबाईंनी घरी फोन लावला. रेणुकादास वाटच बघत होते.

"हे बघ, यात विचार करण्यासारखं काही नाही," ते म्हणाले. आजारपणानंतर त्यांचा आवाज बारीक झाला होता, पण मुद्दे मांडायची पद्धत जुनीच होती. "उद्या तू कासेलला जा. कॉलेजात उभी राहा. कागदावर नाही म्हणणं सोपं असतं, समोर आई बघून कोण नाही म्हणेल? आणि कोलोन तर तुमच्या कार्यक्रमातच आहे. परवा बस थांबते ना तिथं? तेव्हा जाऊन ये गुरुद्वाऱ्यात. दोन्ही होतं."

"पाऊण तास थांबते. पाऊण तासात काय होणार?"

"आणि ऐकीव गोष्टीसाठी अख्खा दिवस घालवणार? इंदू, पत्ता असलेलं गाव सोडून पत्ता नसलेल्या गावी कोण जातं?"

त्यांचं म्हणणं खोडून काढता येण्यासारखं नव्हतं. इंदूबाई "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला. पण ‘बरं’ तोंडातून गेलं तसं मन जास्तच उलटं फिरलं. कासेलला गेलो आणि तिथल्या साहेबानं हात जोडून परत पाठवलं तर? कोलोनला गेलो आणि शारिकला भलताच कुणी दिसलेला निघाला तर? एकदा दिवस गेला की गेला. पुन्हा व्हिसा मिळणार नव्हता, पुन्हा रेणुकादासांना एकटं टाकून निघता येणार नव्हतं. ज्या गावाला आपण पाठ फिरवू नेमका त्याच गावात तो असेल, असं त्यांना एकदा कासेलबद्दल वाटे आणि एकदा कोलोनबद्दल. त्या खोलीतल्या पलंगाच्या कडेला बसून राहिल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत-सोडत राहिल्या.

खोलीत जोडीला मालविकाबाई होत्या, लातूरच्या. तिथं त्या मुलींचं वसतिगृह चालवत. धिप्पाड बांधा, मोठा आवाज, बसमधल्या भेंड्यांत सगळ्यांत पुढं. इतके दिवस इंदूबाईंनी त्यांना काही सांगितलं नव्हतं. पाठ दुखते, झोप येत नाही, असं म्हणून वेळ निभावली होती. मालविकाबाई अंघोळ करून बाहेर आल्या आणि समोर उभ्या राहिल्या.

"इंदूताई, रागवू नका. पण तुम्ही फिरायला आलेल्या नाहीत. काय झालंय?"

इंदूबाईंना मग राहवलं नाही. सगळं सांगून झालं तेव्हा त्यांच्या हातातला पदर ओला झाला होता. 

"एक विचारू?" मालविकाबाई म्हणाल्या. "तो पास होत होता का?"

"म्हणजे?"

"दरवर्षी निकालानंतर माझ्याकडच्या दोन-चार मुली फोन बंद करतात ओ. आईबाप येतात, क्लासवर जातात, कॉलेजवर जातात, मैत्रिणींना विचारतात. तिथं त्या कधीच नसतात. एक सापडली ती औसा रोडच्या मंगल कार्यालयात, वाढपी बायांत काम करायलेली. का, तर तिथं कुणी मार्क विचारत नव्हतं." त्यांनी ओला टॉवेल खुर्चीवर टाकला. "मी काही सांगत नाही. तुमचं लेकरू, तुम्ही ठरवा. पण शरमेनं लपलेलं पोर कॉलेजच्या गावात राहत नसतं."

इंदूबाईंच्या डोळ्यांपुढं लंगरची पंगत आली. मिहिर लहान असताना शाळा सुटल्यावर मित्रांबरोबर सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगर जेवून घरी यायचा आणि मग घरी जेवायला नको म्हणायचा. त्यावरून कितीदा बोलणी खाल्ली होती त्यानं. तिथं पंगतीत बसलं की ताटात पोळी पडते, तुम्ही कोण, काय शिकता, कुणी विचारत नाही.

त्यांनी शारिकला फोन केला. "उद्या सकाळी येते बाबा," म्हणाल्या, "तू स्टेशनवर ये." रेणुकादासांना मात्र त्यांनी फोन केला नाही. लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती, आणि इतकी मोठी गोष्ट त्यांच्या शब्दाबाहेर जाऊन करायची ही पहिलीच वेळ.

सकाळी तनुजाला सांगावं लागलं. ती पंचेचाळिशीतली बाई, अशा सहली करून करून तिची सहनशक्ती संपत आलेली. ती आधी ठाम नाही म्हणाली. मग इंदूबाईंचा चेहरा बघून म्हणाली, "संध्याकाळी जेवणाच्या आत हॉटेलवर पाहिजे. मावशी, मला सगळ्यांची जबाबदारी आहे, मी एकीसाठी बस थांबवू शकत नाही."

आगगाडी वाऱ्यासारखी होती. एसटीत अर्ध्या वाटेवरही पोचल्या नसत्या तेवढ्यात कोलोन आलं. स्टेशनच्या दाराशी शारिक उभा होता. बापासारखेच खांदे, बापासारखंच हळू बोलणं. त्यानं सुट्टी घेतली होती. "मावशी, पाय जपून टाका," म्हणत त्यानं त्यांची पिशवी घेतली.

गुरुद्वारा आडवारी शांत होता. आत एक म्हातारे सरदारजी कांदे निवडत बसले होते. शारिकनं हिंदीत विचारलं, फोनमधला फोटो दाखवला. सरदारजींनी चष्मा वर-खाली केला. "नाम नहीं मालूम," ते म्हणाले.  शारिकनं पुन्हा सांगून पाहिलं: नांदेडचा मुलगा, उंच, चष्म्याचा.

"नांदेड?" सरदारजींनी हातातला कांदा खाली ठेवला. "हजूर साहिब वाला? अच्छा, वो! इतवार को आता है. खाता बाद में है, पहले बर्तन मांजता है."

इंदूबाई तिथंच खाली बसल्या.  तो आहे. जिवंत आहे, आणि भांडी घासतोय. आनंद म्हणावा तर रडू येत होतं, आणि रडावं तर वेळ नव्हता. आज रविवार नव्हता. रविवारी त्या पॅरिसला असणार होत्या.

"राहतो कुठं?" त्यांनी विचारलं. ते कुणाला नक्की माहीत नव्हतं. नदीपलीकडं कुठल्याशा हिंदुस्थानी हॉटेलात कामाला आहे, एवढं सरदारजींनी ऐकलं होतं. त्या भागात अशी तीन-चार तरी होती.

मग सगळी दुपार ते दोघं चालत राहिले. एका हॉटेलात बंगाली माणूस होता, त्यानं खरंच ओळखलं नाही. दुसरं बंद. तिसऱ्याच्या गल्ल्यावरचा माणूस फोटो पुरता बघायच्या आत "नाही, नाही" म्हणाला आणि आत निघून गेला. इंदूबाईंच्या टाचा सुजल्या होत्या. आकाश भरून आलं होतं आणि मे महिना असून वारा अंगाला झोंबत होता. परतीच्या गाडीची वेळ जवळ येत चालली होती. त्यांच्या मनात एकच घोकणी चालू होती. कासेलला गेले असते तर एव्हाना काय ते कळलं तरी असतं. यांचं ऐकायला हवं होतं.

"मावशी," शारिक हळूच म्हणाला, "हा माणूस लई घाईनं नाही म्हणाला. मागच्या बाजूनं बघू."

हॉटेलच्या मागं अरुंद बोळ होता, कचऱ्याच्या मोठ्या टाक्या, तेलकट पायऱ्या. दार उघडं होतं आणि आतून भांड्यांचा खणखणाट येत होता. आत शिरायची हिंमत होईना. तेवढ्यात एक मुलगा दोन्ही हातांत काळ्या पिशव्या घेऊन पाठमोरा बाहेर आला. केस मानेवर वाढलेले, दाढी, अंगात कुणाचा तरी मोठा शर्ट. त्यानं पिशवी टाकीत टाकली आणि दुसरी उचलायला वळला.

"मिहू," इंदूबाई म्हणाल्या.

तो बघतच राहिला.  मग हातातली पिशवी तिथंच टाकून तो बोळाच्या दुसऱ्या टोकाकडं धावत सुटला.

शारिक पळणार होता. इंदूबाईंनी त्याचा दंड धरला. "नको. त्याला धरून आणू नको."

पोटचं पोर आपल्याला बघून पळालं. इतक्या महिन्यांत त्यांनी काय काय कल्पिलं होतं. अपघात, आजार, त्याहून वाईटही. हे मात्र कधी मनात आलं नव्हतं. त्या पायरीवर बसल्या. शारिकनं घड्याळ दाखवलं. "मावशी, आत्ता निघालो तर गाडी मिळेल."

"जाऊ दे गाडी."

"आणि बस?"

"जाऊ दे बाबा. सगळं जाऊ दे."

शारिकनंच तनुजाला फोन लावून दिला. पलीकडून तिचा आवाज चढलेला ऐकू येत होता. व्हिसा, कंपनी, पोलीस असं बरंच काही ती बोलली. इंदूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, मला काहीही बोला. मी इथून उठणार नाही."  मग तनुजा म्हणाली, "उद्या बस कोलोनच्या चर्चपाशी येईल. मालविकाबाई तुमचं सामान आणतील. तिथं दिसला नाहीत तर मी तुमची तक्रार नोंदवून पुढं जाईन."

पावसाची भुरभुर सुरू झाली. इंदूबाई स्वेटरच्या बाह्या ओढून बसून राहिल्या. आतला एक आचारी बाहेर येऊन बघून गेला, मग एक स्टूल आणून ठेवून गेला. त्या स्टुलावर बसल्या नाहीत. पायरी सोडली तर तो परत येणार नाही, असं काहीतरी त्यांनी मनाशी धरलं होतं. शारिक बोळाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. दिवस तिथं लवकर मावळत नाही. करडा उजेड नुसता तसाच टांगून राहिला होता. आता येईल, आता नाही येणार, या दोन वाक्यांवाचून डोक्यात काही उरलं नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. समोर ओले बूट येऊन थांबले.

"आई, भिजायलीस," मिहिर म्हणाला. "आत चल."

आत म्हणजे भांडी ठेवायची खोली. त्यानं दोन पिंपं सरकवून आईला जागा करून दिली आणि स्वतः उभाच राहिला. त्यांनी त्याचा हात धरायला हात पुढं केला, तर त्यानं आपले हात पाठीमागं नेले. साबणानं ते सोलवटले होते.

"एका विषयात तीनदा नापास झालो," तो भिंतीकडं बघत म्हणाला. "इथं तिसऱ्यांदा झालं की काढूनच टाकतात. पुन्हा देता येत नाही. मग व्हिसा गेला. आता मी इथं... कागदावर नाहीच मी."

"मग घरी का नाही आलास?"

"काय तोंडानं येऊ? बाबा रोज फ्लेक्स बघायला जातात, तूच सांगायचीस." तो पुन्हा भिंतीकडं वळला. "आणि आता उशीर झालाय आई. व्हिसाच्या ऑफिसात गेलो की धरतील. परत पाठवतील."

"कुठं परत पाठवतील?"

"कुठं म्हणजे? इंडियात."

"मग पाठवू दे की!" इंदूबाई ओरडल्याच. शाळेतही त्या कधी अशा ओरडल्या नसतील. "घरीच पाठवतील ना रे? आम्ही तिथं मरायलोत तुझी वाट बघून, आणि तुला घरी पाठवतील याची भीती!"

मिहिरनं तोंड झाकून घेतलं आणि त्यांच्या पायांशी बसला. त्या त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. केस तेलाअभावी राठ झाले होते. काही वेळानं त्यानं विचारलं, "बाबा कसे आहेत?"

 खरं सांगितलं तर हा पुन्हा पळेल. "बरे आहेत," इंदूबाई म्हणाल्या, आणि त्यानं पुढचं काही विचारायच्या आत फोन लावला.

रेणुकादासांनी पहिल्याच घंटीला उचलला. "काय झालं कासेलला?"

"सापडला," त्या म्हणाल्या. "पण मी कासेलला नाही गेले. कोलोनला आहे."

 "मी कासेल म्हणालो होतो," ते म्हणाले.

"हो."

"बरं झालं माझं ऐकलं नाहीस." मग म्हणाले, "दे त्याला."

मिहिरनं फोन कानाला लावला. पलीकडून रेणुकादास काय म्हणत होते ते इंदूबाईंना ऐकू आलं नाही. मिहिर नुसता मान हलवत होता, जणू बापाला ती दिसते आहे.

ती रात्र इंदूबाई शारिकच्या घरी राहिल्या. त्याची बायको नाजिया गरम खिचडी घेऊन आली. दोन घासांवर गेली नाही. मिहिरला कामावरून सुटता आलं नव्हतं. सकाळी चर्चपाशी येतो म्हणाला होता. येईल याची खात्री त्यांना शेवटपर्यंत नव्हती.

पण तो आला. दाढी तशीच, अंगावर मात्र धुतलेला शर्ट. त्या अवाढव्य चर्चपुढं बसमधली मंडळी माना मागं टाकून फोटो काढत होती. मालविकाबाईंनी सामान आणलं होतं. त्यांनी मिहिरला एकवार वर-खाली पाहिलं आणि काही न विचारता पर्समधून फॉइलमध्ये गुंडाळलेले धपाटे काढले. "लातूरहून आणलेत बाबा, शिळे आहेत, खाऊन घे." त्यानं ते तिथंच उभ्यानं खाल्ले, घाईघाईनं.

"ऑफिसात जाशील ना?" इंदूबाईंनी विचारलं.

"जाईन."

"माझ्या गळ्याची शपथ?"

"जाईन म्हणलं ना आई."

तनुजानं शिट्टी वाजवली. इंदूबाई बसमध्ये चढल्या आणि मागच्या काचेशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यानं हात वर केला होता. बस वळली. पुढं हॉलंडमध्ये काय होतं, पॅरिसमध्ये काय होतं, त्यांना आज एकही गोष्ट सांगता येत नाही.

नांदेडला परतल्यावर आठवडाभर मिहिरचे फोन आले, आणि मग पुन्हा नंबर बंद. तो काळ आधीच्यापेक्षा वाईट गेला. आधी निदान तो कुठं आहे हे ठाऊक नव्हतं. आता ठाऊक होतं, हाताला लागलेला होता, आणि आपण त्याला तिथंच सोडून बसमध्ये बसलो. हात धरून ओढत आणायला हवं होतं, असं त्या भाजी चिरता चिरता मधेच मोठ्यानं म्हणायच्या.  रेणुकादास आता नाक्याकडं फिरायला जात नव्हते. शारिकला रोज फोन करावा तर त्याचीही नोकरी होती, तरी करायच्या. तो सुट्टीच्या दिवशी गुरुद्वाऱ्यात जायचा, हॉटेलात जायचा. मिहिर ते काम सोडून गेला होता.

पुढं ऑगस्टमध्ये एका दुपारी शारिकचा फोन आला. मिहिर आपणहून त्याच्या दारात येऊन उभा राहिला होता, अंगात ताप, हातात एक पिशवी. चार दिवस नाजियानं त्याला झोपवून ठेवलं. मग शारिक त्याला घेऊन ऑफिसांचे उंबरठे झिजवत राहिला. कुणी धरलं नाही. ठरलेल्या मुदतीत देश सोडून जा म्हणाले, एवढंच. काही वर्षं तिकडं परत जाता येणार नाही असंही सांगितलं. ते ऐकून इंदूबाईंनी देवापुढं दिवा लावला.

हैदराबादच्या विमानतळावर दोघंही गेले. रेणुकादास काठी टेकत उभे होते. मिहिर बाहेर आला, बापाच्या हातातली काठी बघितली आणि जागीच थबकला. बापाच्या आजारपणाचं त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं. इंदूबाईंकडं त्यानं असं पाहिलं की त्यांना मान खाली घालावी लागली. रेणुकादासच चार पावलं पुढं गेले आणि त्याच्या खांद्यावरची पिशवी काढून घेऊ लागले. "असू दे बाबा, जड आहे," तो म्हणाला. "असू दे म्हणतो का मला," म्हणत त्यांनी ती ओढून घेतलीच.

याला आता तीन महिने होतील. गल्लीत पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं, सुट्टीवर आला का? रेणुकादासांनी फाटकातच सांगून टाकलं, "नापास झाला, परत आला." मग पुन्हा कुणी विचारलं नाही. मिहिर बराच वेळ खोलीत पडून असतो. मधेच हसतो, मधेच दोन दोन दिवस बोलत नाही. डॉक्टरांकडं जाणं चालू आहे. ते म्हणतात, वेळ लागेल, घाई करू नका. मालविकाबाईंचा लातूरहून फोन येतो. वसतिगृहातल्या मुलींना गणित समजावून द्यायला कुणीतरी हवंय, त्याला विचारा, म्हणतात. इंदूबाईंनी एकदा विचारलं. तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही.

उन्हं उतरली की तो गोदावरीच्या घाटाकडं एकटा चालायला जातो. इंदूबाई फाटकाशी उभ्या राहतात. तो कोपऱ्यावर वळतो, दिसेनासा होतो, तरी त्या हलत नाहीत.

"आत ये," रेणुकादास ओसरीतून म्हणतात. "येईल तो."

"हो," त्या म्हणतात, आणि तिथंच उभ्या असतात.